मानणे आणि मान देणे



राहात्यासारख्या गावात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न आयुष्यात अनेकदा ऐकावा लागतो. कधी शाळेत, कधी बाजारात, कधी लग्नाच्या पंगतीत कोणीतरी सहज विचारते, "तुम्ही आमच्या देवाला मानत नाही का?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा राग नसतो, कुतूहल असते. पण उत्तर देताना आपली जीभ अडखळते. "नाही" म्हटले तर शेजारी दुखावेल, "हो" म्हटले तर आपण प्रभूशी अप्रामाणिक ठरू. म्हणून काही जण हसून विषय बदलतात. काही जण "सगळे देव एकच" असे म्हणून मोकळे होतात. तर काही थोडे जण, दुर्दैवाने, समोरच्याच्या श्रद्धेची चेष्टा करून आपली श्रद्धा सिद्ध करू पाहतात.

या तिन्ही उत्तरांत काहीतरी चुकते आहे, असे आम्हाला वाटते. आपल्या मायबोलीत 'मानणे' आणि 'मान देणे' असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. देवाला मानणे म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणे, त्याला जीवन वाहणे. मान देणे म्हणजे आदराने वागणे. आपण एकाच देवाला मानतो, ज्याने आपल्याला प्रभू येशू ख्रिस्तामध्ये दर्शन दिले. पण मान मात्र आपण सर्वांना देऊ शकतो, आणि द्यायलाच हवा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात का, हाच आजच्या चिंतनाचा विषय आहे.

आपला शेजार

शिर्डी आपल्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. साईबाबा १९१८ च्या दसऱ्याला निवर्तले. त्यांच्या चरित्रात राहात्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. येथील एका शेठजींच्या घरी ते येत असत आणि येथून फुलझाडे नेऊन त्यांनी शिर्डीत बाग फुलवली, असे 'श्रीसाईसच्चरित' सांगते. आज आपल्या परिसरातील फुले, पेरू, रिक्षा, हॉटेले, दुकाने यांवर अनेक घरांची चूल पेटते ती शिर्डीला येणाऱ्या भाविकांमुळे. त्यांत ख्रिस्ती घरेही आहेत.

त्याहून जवळची गोष्ट म्हणजे आपली भावकी. आपल्या जिल्ह्यात एकाच आडनावाची तीन घरे शेजारी असतात. एक ख्रिस्ती, एक हिंदू आणि एक बौद्ध. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर कोणाचा काका त्या वाटेने गेला, तर कोणाचे आजोबा त्याआधीच मिशनच्या धर्मगुरूंकडून स्नानसंस्कार घेऊन बसले होते. लग्नात, मयतीत, शेताच्या बांधावर हे सगळे एकत्र येतात. तेव्हा परधर्माविषयीचा आदर हा आपल्यासाठी पुस्तकातला विषय नाही. तो मामाच्या घरी जेवायला बसल्यावर समोर येणारा विषय आहे.

'सगळे सारखेच' म्हणजे आदर नव्हे

पुष्कळांना वाटते की परधर्माचा आदर करायचा तर सर्व धर्म सारखेच आहेत असे म्हटले पाहिजे. बोलायला हे सोपे आहे आणि ऐकायला गोड. पण थोडा विचार करू या. एखादा वारकरी आषाढीला दोनशे-तीनशे किलोमीटर चालत पंढरपूरला जातो. त्याला आपण म्हणालो, "तुम्ही पंढरीला गेलात काय आणि आणखी कुठे गेलात काय, एकच," तर त्याला आनंद होईल का? त्याच्या लेखी विठ्ठल म्हणजे 'कोणताही देव' नव्हे. मुसलमान बांधवाला आपण सांगितले की एकच अल्लाह आणि अनेक देव यांत काही फरक नाही, तर तो ते मान्य करील का? बौद्ध बांधव तर ईश्वराच्या कल्पनेलाच वेगळे उत्तर देतात. आणि आपण? येशू ख्रिस्त आपल्या तारणासाठी क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे आपण दर रविवारी उभे राहून कबूल करतो. ते सत्य असेल तर सगळे काही त्यावर अवलंबून आहे.

'सगळे सारखेच' असे म्हणणारा माणूस कोणाचेच नीट ऐकत नाही. त्याला सगळ्यांची श्रद्धा एकाच पोत्यात भरायची असते. ज्याला खरा मान द्यायचा आहे तो आधी विचारतो, "तुम्ही नेमके काय मानता? का मानता?" आणि ऐकून घेतल्यावर, विचारले गेले तर, नम्रपणे सांगतो, "मला हे पटते, हे पटत नाही, आणि माझा विश्वास असा आहे." एखाद्याचे म्हणणे खरे की खोटे याचा विचार करण्याइतके ते गंभीरपणे घेणे, हाही मानच आहे. लहान मुलाच्या बोलण्याला आपण "हो हो" म्हणतो. मोठ्या माणसाशी आपण चर्चा करतो.

ख्रिस्तसभेची शिकवण

हे काही आमचे खासगी मत नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख आहे. हिंदू बांधव तत्त्वचिंतनातून ईश्वरी रहस्याचा शोध घेतात आणि तपश्चर्या, ध्यान व भक्तीच्या मार्गाने देवाचा आश्रय करतात, हे परिषदेने आदराने नोंदवले. या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे तिने शिकवले. आणि त्याच परिच्छेदात तिने हेही सांगितले की ख्रिस्त हाच मार्ग, सत्य व जीवन आहे ही घोषणा ख्रिस्तसभा करीत राहील. दोन्ही गोष्टी एका श्वासात. मान द्यायचा म्हणून विश्वास सोडायचा नाही, आणि विश्वास आहे म्हणून मान द्यायचे टाळायचे नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पौल मुंबईच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी आले होते. पोपपदावर असताना भारतात आलेले ते पहिले पोप. अन्य धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली, असत्याकडून सत्याकडे ने अशी विनवणी करणारी. पोप महोदय त्यामुळे हिंदू झाले नाहीत. दुसऱ्याच्या घरातील मोलाचे रत्न त्यांनी ओळखले आणि ज्यांचे होते त्यांच्यासमोरच त्याचे कौतुक केले.

संत पौलाचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. 'प्रेषितांची कृत्ये' सतराव्या अध्यायात तो अथेन्समध्ये येतो. मूर्तींनी भरलेले ते शहर पाहून त्याच्या आत्म्याला यातना होतात, हे पवित्र शास्त्र लपवत नाही. पण लोकांपुढे उभा राहिल्यावर तो त्यांच्या धार्मिकतेची दखल घेऊन बोलायला सुरुवात करतो आणि त्यांच्याच कवींचा आधार घेतो. पुढे एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथे अर्तमी देवीच्या नावाने दंगल उसळते. तेव्हा नगराचा अधिकारी जमावाला शांत करताना काय सांगतो? या माणसांनी देवळे लुटलेली नाहीत की आपल्या देवीची निंदा केलेली नाही. विचार करा, पौलाच्या साथीदारांच्या बाजूने ही साक्ष देणारा माणूस ख्रिस्ती नव्हता. आपल्या गावात उद्या काही वाद झाला तर आपल्याविषयी अशी साक्ष देणारा शेजारी आपल्याला मिळेल का?

प्रसादाचा प्रश्न

आता रोजच्या व्यवहाराकडे वळू. शेजारीण गुरुवारी शिर्डीहून येते आणि आपल्या दारात प्रसाद घेऊन उभी राहते. काय करावे?

हा प्रश्न नवा नाही. करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांनी तो संत पौलाला विचारला होता. तेथे मूर्तींना वाहिलेले मांस बाजारात विकले जाई आणि मेजवानीतही वाढले जाई. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत पौल जे उत्तर देतो त्याला तीन बाजू आहेत. पहिली, अन्न देवाचे आहे. ते खाल्ल्याने आपण देवाच्या अधिक जवळ जात नाही आणि न खाल्ल्याने दूर जात नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या ताटात जे येईल ते चौकशा न करता खावे. दुसरी, प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या पूजेत सहभागी होऊ नये. येथे पौलाची भाषा कडक आहे. तिसरी, आपल्या खाण्याने एखाद्या दुर्बल भावाचा विश्वास डळमळणार असेल, तर त्याच्यासाठी आपण थांबावे.

म्हणजे शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला पेढा आणि पूजेत केलेला सहभाग या एकच गोष्टी नव्हेत. एकाच घरातील दोन श्रद्धावान माणसे येथे वेगवेगळा निर्णय घेऊ शकतात. एक जण आभार मानून तो पेढा खाईल. दुसऱ्याचे मन घेणार नाही, तर तोही हात जोडून म्हणेल, "ताई, तुम्ही आठवणीने आणलेत, फार बरे वाटले. आमच्याकडे प्रसाद घेत नाहीत, राग मानू नका." दोघांनीही शेजारणीला मान दिला आहे. मान दिला नाही तो फक्त त्याने, ज्याने तोंड वाकडे केले, किंवा समोर घेतला आणि पाठ वळताच कचऱ्यात टाकला. मनात शंका असेल तर धर्मगुरूंशी बोलावे. पण तिरस्कार हा कोणत्याही शंकेवरचा उपाय नाही.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील नामान आठवा. अरामाचा हा सेनापती कुष्ठरोगातून बरा झाला आणि इस्राएलाच्या देवाला मानू लागला. पण त्याला एक अडचण होती. त्याचा धनी रिम्मोनाच्या देवळात जाताना त्याच्या हातावर टेकत असे आणि नामानालाही वाकावे लागे. त्याबद्दल परमेश्वर मला क्षमा करो, असे तो अलीशा संदेष्ट्याला म्हणाला. अलीशाने त्याच्यासाठी नियमांची यादी केली नाही. "शांतीने जा" एवढेच तो म्हणाला. मनाने कोणाचे आहोत हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला बाहेरच्या प्रत्येक गोष्टीला घाबरण्याचे कारण नाही.

जखमेचे काय?

येथे आपल्यातील काही जण म्हणतील, "हे सगळे ठीक आहे, पण आमच्या आजोबा-पणजोबांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही. पाणवठ्यावर पाणी भरू दिले नाही. त्या धर्माला आम्ही मान द्यायचा?"

हा प्रश्न टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. अस्पृश्यतेला मान देता येत नाही. ती कोणाच्याही धर्माच्या नावाने आली तरी ते पापच आहे. आपण माणसाला आणि त्याच्या देवशोधाला मान देतो, त्याच्या हातून घडलेल्या अन्यायाला नव्हे. आणि हेही विसरू नये की या अन्यायाविरुद्ध हिंदू समाजाच्या आतूनही आवाज उठला. संत चोखामेळा यांना देवळात प्रवेश नव्हता. आज त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे आणि वारकरी तेथे माथा टेकवून मग आत जातात. आपल्या धर्मप्रांताच्या नाशिक शहरात १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले आणि ते दार उघडले. एखाद्या परंपरेचा न्याय करताना तिच्यातील साने गुरुजींना वगळून केवळ दार बंद करणाऱ्यांना मोजणे, हा न्याय होणार नाही.

शिवाय जात देवळाच्या दारापाशी थांबली नाही. ती चर्चच्या बाकापर्यंत आली. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही भेदभाव आहे हे उघडपणे मान्य केले.

आपल्या इतिहासाचेही एक पान

दुसऱ्यांनी केलेले आठवायचे, तर आपल्या नावाने झालेलेही आठवायला हवे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील देवळे पाडली गेली. मंगेशीचा देव कुठ्ठाळहून आणि शांतादुर्गा केळशीहून भक्तांनी नदीपलीकडे, आजच्या फोंडा तालुक्यात नेली, ती याच कारणाने. भाविक आजही ही आठवण सांगतात.

त्याच गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू आले. ते येथील लोकांची भाषा शिकले, तिच्या प्रेमात पडले आणि त्यांनी मराठीत, ओवीबद्ध, 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली रायतूर येथे ते छापले गेले. एकाच काळात, एकाच भूमीत, ख्रिस्ताच्या नावाने दोन वाटा निघाल्या. एक पाडण्याची आणि एक शिकून घेण्याची. चारशे वर्षांनंतर मराठी माणूस कोणती वाट कृतज्ञतेने आठवतो, हे सांगायला नको. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या संत पेत्र महामंदिरात ख्रिस्ती लोकांच्या हातून घडलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यात अन्य धर्मीयांचा अवमान केल्याचे पापही होते.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांनी प्रोटेस्टंट पंथात बाप्तिस्मा घेतला. नगर आणि राहुरी येथे त्यांनी सेवा केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ख्रिस्त मिळाला म्हणून त्यांनी मागे वळून तो पूल तोडला नाही.

मान हा सौदा नव्हे

"ते आपल्याला मान देतात का?" हाही प्रश्न विचारला जातो. काही ठिकाणी चर्चवर हल्ले झाले, प्रार्थनासभा बंद पाडल्या गेल्या, हे खरे आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढे काही वर्षे तेथेच राहून कुष्ठरोग्यांची सेवा केली. त्या रुग्णांपैकी कोणाला त्यांनी धर्म विचारून औषध दिले नाही. गुन्ह्याची शिक्षा न्यायालयाने करावी, हे योग्यच. पण काही गुन्हेगारांमुळे कोट्यवधी शेजाऱ्यांना दोषी धरणे प्रभूने आपल्याला शिकवलेले नाही. प्रभूने सुवर्णनियम सांगताना 'त्यांनी आधी केले तर' अशी अट घातलेली नाही.

आणि मान आपल्याला मिळतोही. हरेगावची मतमाउलीची यात्रा १९४९ पासून भरते. दर सप्टेंबरात तेथे येणाऱ्या गर्दीत किती हिंदू भगिनी मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असतात, ते आपण पाहिले आहे. त्या ख्रिस्ती झालेल्या नाहीत. आपला विश्वास त्या मानत नाहीत, पण आपल्या मतमाउलीला किती मान देतात! तेथे त्यांच्याशी कोणी कुत्सितपणे बोलले तर आपल्याला कसे वाटेल? आपल्या मातेच्या दारात आपण जे अपेक्षितो, तेच त्यांच्या दारात आपण द्यावे.

आपण एवढे करू या

घरात बोलताना कोणाच्या देवाला "दगड" किंवा "सैतान" म्हणू नये. मुले आपले शब्द उचलतात आणि शाळेत नेतात. मोबाईलवर येणारे परधर्माची टिंगल करणारे संदेश पुढे पाठवू नयेत. संत निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, शिर्डीच्या पदयात्री आपल्या रस्त्याने चालतात. तहानलेल्याला पाणी देताना त्याचा धर्म विचारण्याचे कारण नाही. शेजारच्या घरी दहावा असेल तर जाऊन बसावे. विधीत भाग घेता येत नसेल तर शांतपणे, आदराने मागे उभे राहावे. ईदला, बुद्धपौर्णिमेला, दिवाळीला घरी जाऊन शुभेच्छा द्याव्यात. व्हॅटिकनही दरवर्षी हिंदू बांधवांना दिवाळीचा संदेश पाठवते.

आणि याबरोबरच आपला विश्वास नीट शिकावा. ज्याला आपला विश्वास ठाऊक नाही, तोच दुसऱ्याच्या श्रद्धेला घाबरतो किंवा तिची चेष्टा करतो. गळ्यातील क्रूस लपवू नये. कोणी आपल्या आशेचे कारण विचारले तर संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात सांगितल्याप्रमाणे उत्तर द्यायला तयार असावे, पण सौम्यतेने आणि आदराने.

प्रभू येशूने कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीला पाहून म्हटले की एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. परक्या माणसातील चांगले पाहून प्रभूला आश्चर्य वाटले आणि ते त्याने सर्वांसमोर बोलून दाखवले. तशी दृष्टी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराला लाभो, आणि आपल्या शेजाऱ्यांना आपल्या वागण्यातून त्याच प्रभूची ओळख पटो, हीच प्रार्थना.